वाचकांचे प्रश्न : मणका ‘सरकला’ म्हणजे नेमके काय?

पाठ, कंबर आणि नसा या विषयावर आलेल्या पत्रांमधून आठ पत्रे इथे निवडली आहेत. उत्तरे अस्थिरोग, मेंदूविकार आणि फिजिओथेरपी या तीन शाखांतल्या जाणकारांनी एकत्र बसून लिहिली आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : आमच्या वसाहतीत मणक्यांच्या तपासणीचे मोफत शिबिर झाले. मानेचा एक्स-रे पाहून सांगितले, की मानेची कमान सरळ झाली आहे, दोन मणके जागेवरून सरकलेत आणि मेंदूकडून शरीराला जाणारा प्रवाह तिथे अडलाय. माझी ॲसिडिटी, वाढलेला बीपी, वारंवारची सर्दी, सगळे त्यामुळेच म्हणे. चोवीस बैठकांचे पॅकेज घ्यायला सांगतात. मान कटकन मोडून दिली तेव्हा हलके वाटले, हे खरे. घेऊ का?
— संगणक अभियंता, वय ३८, मनीषनगर

उत्तर : पॅकेज घेऊ नका. आणि बीपीची गोळी चालू असेल तर ती या भरवशावर अजिबात बंद करू नका.

कण्यात मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कंबरेचे ५ असे २४ मणके एकमेकांवर हलतात. त्याखालचे ५ जुळून त्रिकास्थी होते आणि टोकाचे साधारण ४ जुळून माकडहाड. मज्जारज्जू या मणक्यांच्या पोकळीतून उतरतो आणि मोठ्या माणसात कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. वाटेत दोन्ही बाजूंना नसांच्या ३१ जोड्या निघतात. इथवर शिबिरवाले बरोबरच सांगतात. पुढची उडी मात्र चुकीची आहे.

पोट आणि हृदयाला आवर घालणारी मुख्य नस म्हणजे व्हेगस. ती मेंदूच्या बुडातून निघते, कवटीच्या तळाच्या छिद्रातून बाहेर येते आणि मानेच्या पुढच्या बाजूने मोठ्या रक्तवाहिन्यांसोबत छातीत उतरते. मणक्यांच्या फटीतून ती जातच नाही, त्यामुळे मानेचा मणका तिला दाबणार तरी कसा? हृदयाची गती वाढवणाऱ्या, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा कण्यातून येतात, हे खरे. छातीच्या पहिल्या मणक्यापासून कंबरेच्या दुसऱ्यापर्यंत. अपघातात मज्जारज्जू वरच्या भागात चिरडला तर बीपी खरोखरच बेताल होतो. पण अशा माणसाचे पायही लुळे पडलेले असतात, लघवीवर ताबा नसतो. हातपाय व्यवस्थित चालतात आणि फक्त बीपी तेवढा ‘अडलेल्या प्रवाहामुळे’ वाढलाय, असे शरीरात होत नाही. हृदयाचे प्रत्यारोपण करताना नव्या हृदयाच्या नसा कुणी जोडत नाही, रक्तवाहिन्याच जोडतात. तरी ते धडधडत राहते, फक्त आरामात बसल्यावरही गती ९० ते ११० च्या घरात असते.

ही कल्पना आली कुठून, तेही सांगतो. १८९५ साली अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर या गृहस्थांनी हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराचा मणका दाबून त्याचे बहिरेपण बरे केल्याचा दावा केला आणि त्यातून कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणके ‘बसवण्याची’ पद्धत, उभे राहिले. आता ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, कण्याशी तिचा संबंध नाही. सरकलेल्या मणक्यामुळे आजार होतात, या दाव्याला संशोधनाचा आधार नाही, असे २०१० मध्ये ब्रिटनमधल्या या व्यवसायाच्या नियामक परिषदेनेच लिहून दिले.

मानेची कमान एक्स-रेत सरळ दिसणे हे तर फार साधे. हनुवटी थोडी खाली ठेवून फोटो काढला तरी कमान सरळ दिसते. स्नायू आखडले असले तरी दिसते. काहीच दुखत नसलेल्या कितीतरी लोकांतही दिसते. मणका खरोखर सरकतो तेव्हा एक मणका खालच्यावर किती मिलिमीटर पुढे आलाय, ते मोजून अहवालात लिहिलेले असते. ‘थोडा सरकलाय’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

कटकन आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातल्या द्रवात अचानक ताण पडून वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. तोच सांधा पुन्हा वाजायला साधारण वीस मिनिटे जावी लागतात. स्नायू काही वेळ सैल पडतात म्हणून हलकेही वाटते. कंबरेच्या जुन्या दुखण्यात प्रशिक्षित हाताने केलेल्या अशा उपचाराचा थोडा फायदा होतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात तो, अटी घालून का होईना, मान्य आहे. पण तो कंबर दुखण्यावरचा उपाय आहे. बीपी, ॲसिडिटी किंवा सर्दीवरचा नाही.

मानेला झटका देण्याबाबत आमचे मत स्पष्ट आहे : नको. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतूनच वर जातात आणि पहिल्या मणक्याशी वळण घेतात. अचानक पिळ्याने त्यांचे आतले अस्तर फाटू शकते, तिथे गुठळी धरते आणि पक्षाघात होतो. क्वचित होते, पण चाळिशीच्या आतल्यांनाही होते. सलूनमध्ये चंपी झाल्यावर मान मोडून देतात, त्यालाही हेच लागू. चंपी जरूर करा, मानेला हात लावू नको म्हणून आधीच सांगा. मान मोडल्यानंतर पूर्वी कधी नव्हती अशी मानेत किंवा डोक्यामागे कळ आली, चक्कर, दोन-दोन दिसणे, बोबडी वळणे, गिळता न येणे, तोल जाणे यांतले काहीही झाले तर तडक मोठे इस्पितळ गाठा.

प्रश्न : कंबरदुखीला लाकडी फळीवर झोपणे चांगले का? सासूबाईंचा आग्रह आहे.
— गृहिणी, वय ४१, महाल

उत्तर : नाही. २००३ साली स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर चाचणी झाली, तीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचा त्रास जास्त कमी झाला. चांगली भरलेली कापसाची गादी पुरते. मधोमध खड्डा पडला असेल तर पिंजून घ्या. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी, उताणे झोपताना गुडघ्यांखाली. सासूबाईंना फळीवर झोप लागत असेल तर त्यांना झोपू द्या, अपाय काही नाही.

प्रश्न : कूलरमध्ये पाणी भरता भरता कंबरेत चमक भरली. सरळ उभेच राहता येईना. घरच्यांनी गल्लीतल्या पायाळू माणसाला बोलावून उसण उतरवली. दोन दिवसांनी बरे वाटले. आता पुन्हा उन्हाळा आला की हेच होणार, अशी धास्ती आहे.
— शिक्षक, वय ४७, नंदनवन

उत्तर : अशा अचानक धरलेल्या कंबरेला पहिल्या काही दिवसांतच बराच उतार पडतो आणि बहुतेकांची चार ते सहा आठवड्यांत पूर्ण सुटते, पायाळू मिळो न मिळो. पाय नुसता लावला तर हरकत नाही. पण पाठीवर लाथ मारणे, पोरांना पाठीवर चालवणे हे साठीपुढच्या बायकांच्या बाबतीत घातक आहे. हाडे ठिसूळ झालेली असली तर तेवढ्यानेही मणका चेपतो.

कूलर कंबर का मोडतो ते पाहा. भरलेली बादली १५ किलोची धरू. ती टाकीच्या झाकणावर ओतायला तुम्ही वाकता तेव्हा ती कंबरेपासून अर्धा मीटर पुढे असते. तिला तोलणारे पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे. म्हणजे दसपटीचा हिशेब : १५ किलोला १५० किलोची ओढ आणि तुमच्या धडाचे वजन वेगळेच. त्यात खिडकीच्या बाजूला वळून ओतायचे असते. वाकणे आणि पिळणे एकत्र आले की मणक्यामधल्या गादीच्या मागच्या कडेवर सगळ्यात जास्त ताण पडतो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने ओझ्याची मर्यादा २३ किलो घातली आहे, तीही ओझे अंगालगत, कंबरेच्या उंचीवर आणि न वळता उचलायचे असेल तर. वाकून, हात लांब करून उचलायचे असेल तर ती मर्यादा झपाट्याने खाली येते.

नळाला पाइप लावून थेट टाकीत सोडणे सगळ्यात सोपे. नळ लांब असेल तर बादली टाकीपेक्षा उंच स्टुलावर ठेवा आणि पाण्याने भरलेल्या पाइपाचे एक टोक बादलीत, दुसरे टाकीत सोडा. पाणी आपोआप उतरते. मात्र स्टुलावरची बादली मगाने भरा, भरलेली उचलून ठेवलीत तर एवढा खटाटोप व्यर्थ. तेही जमत नसेल तर अर्धी बादली, दुप्पट फेऱ्या. पाय वळवा, कंबर वळवू नका. आणि पाणी भरण्यापूर्वी कूलरचा प्लग काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. हे कंबरेसाठी नाही, विजेच्या धक्क्यासाठी सांगतोय.

पुन्हा धरलीच तर जमिनीवर सतरंजी टाकून उताणे पडा आणि पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, मांडी आणि गुडघा काटकोनात. दहा-पंधरा मिनिटे. मग आधी कुशीवर वळून, हाताने रेटा देत उठा. उताणे असताना सरळ उठून बसू नका. दर तास-दीड तासाने घरातल्या घरात पाच मिनिटे चाला. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे. दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुण धरले की बरे व्हायला उलट वेळ लागतो. पट्टा लावून दोन-चार दिवस बाहेर जाता येत असेल तर लावा, महिनोन्‌महिने नको.

गोळ्यांबाबत : नुसत्या पॅरासिटामॉलचा ताज्या कंबरदुखीवर उपयोग होत नाही, हे ऑस्ट्रेलियातल्या २०१४ च्या मोठ्या चाचणीत दिसले. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेनसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या काही दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांना विचारून चालतात. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, पोटात अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी यांतले काही असेल तर नाही. नागपूरच्या मे महिन्यात अंगातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला जास्तच झोंबतात. दिवसभर उन्हात फिरून आल्यावर रिकाम्या पोटी गोळी टाकून कूलरसमोर झोपणे म्हणूनच टाळा.

प्रश्न : मला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. सहा महिन्यांपासून दोन्ही तळपायांना मुंग्या येतात, रात्री आग होते. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी फुगलेली आहे, म्हणून नस दबली असे सांगितले. ट्रॅक्शन घेतले, फरक नाही. आम्ही शाकाहारी आहोत.
— गृहिणी, वय ५४, प्रतापनगर

उत्तर : फरक पडणार नाही असेच वाटते, कारण तुम्ही सांगता ती लक्षणे मणक्याच्या नकाशात बसत नाहीत.

कण्यातून निघणाऱ्या प्रत्येक नसेचा इलाखा ठरलेला असतो. कंबरेची पाचवी नस दबली तर नितंबातून कळ निघते, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने उतरते आणि पावलाच्या वरच्या भागात, अंगठ्यापर्यंत जाते. त्रिकाची पहिली दबली तर पोटरीच्या मागून टाच आणि करंगळी. चौथी दबली तर नडगीची आतली बाजू. बहुधा एकाच पायात. तुमचे मात्र दोन्ही पायांना, सारखे, बोटांपासून सुरू झालेय. पायमोजा जिथवर येतो तेवढाच भाग. सगळ्यात लांब नसांची टोके आधी मार खातात तेव्हा असे होते. ते मधुमेहाने होते, बी-१२ कमी पडल्याने होते, आणि तुमच्यात दोन्ही असायची शक्यता आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर तीही आतड्यातून बी-१२ शोषले जाणे कमी करते.

मग एमआरआयचे काय? काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय तपासलेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये निघाला. त्यात फुगलेली गादी विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत होती. तुमच्या वयात ती नसती तरच नवल. चित्रात दिसले म्हणून दुखण्याचे कारण तेच, असे धरता येत नाही. लक्षणांचा नकाशा आणि चित्र जुळले, तरच ते कारण.

या तपासण्या करून घ्या : एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२, टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (मूत्रपिंड). बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन सुरू करण्याआधी रक्त द्या, नाहीतर आकडा फसवा येतो. २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० मध्ये असेल तर रक्तातले होमोसिस्टीनही तपासावे लागते. डॉक्टरांना पावलावर १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू आणि १२८ कंपनांचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) लावून बघायला सांगा. दहा मिनिटांचे काम आहे, पण करतात थोडेच. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का, अंधारात पाऊल चुकते का, हेही त्यांना सांगा. जात असेल तर बी-१२ अभावी मज्जारज्जूचा मागचा भागही बिघडत असू शकतो आणि तिथे उशीर परवडत नाही.

बी-१२ दूध-दह्यात असते, मोड आलेल्या कडधान्यांत नसते, आणि स्पिरुलिनात जे असते ते शरीराला वापरता येत नाही. मोठी कमतरता आहाराने भरून निघत नाही, १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने किंवा गोळ्या डॉक्टर ठरवतील त्या वेळापत्रकाने घ्याव्या लागतात. नुसते फॉलिक ॲसिड घेऊ नका. रक्त सुधारलेले दिसते आणि नसा मात्र बिघडत राहतात. ‘नसांच्या ताकदीच्या’ गोळ्यांवर बी-६ किती आहे तेही वाचा. जास्त मात्रेत महिनोन्‌महिने घेतले तर बी-६ नेच नसा खराब होतात.

शेवटचे पण तातडीचे. बधिर पायांना चटका कळत नाही. मे महिन्यात गच्चीवर वाळवणे घालताना, रामटेकच्या गडावर दर्शनाला जाताना अनवाणी चालू नका. मंदिरात जायचेच तर सकाळी सातच्या आत जा, जाड मोजे घाला आणि घरी आल्यावर तळवे आरशात पाहा.

प्रश्न : मी डिलिव्हरीचे काम करतो, दिवसभर गाडीवर. तीन आठवड्यांपासून उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जाऊन राहिली, शिंक आली की जीव जातो. एमआरआयमध्ये शेवटची गादी बाहेर आलेली. एक डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, एक म्हणतात थांब. कुणाचं ऐकू?
— वय २९, जरीपटका

उत्तर : आधी घरीच तीन गोष्टी करून बघा. टाचांवर दहा पावले चाला. मग भिंतीला हात टेकून फक्त उजव्या पायाच्या चवड्यावर दहा वेळा वर-खाली व्हा आणि डाव्या पायाशी तुलना करा. तिसरे म्हणजे कुणाला तरी पायाचा अंगठा खाली दाबायला सांगा, तुम्ही वर रेटा. यांतले काही जमत नसेल तर ती नुसती कळ नाही, ताकद गेली आहे. दोन-चार दिवसांत शल्यतज्ज्ञांना दाखवा. रोज कमी होत असेल तर तेवढेही थांबू नका.

आणि हे पाठ करून ठेवा : लघवी अडणे किंवा कळत नसताना होणे, शौचावरचा ताबा सुटणे, गाडीच्या सीटला टेकतो तेवढाच भाग बधिर होणे, दोन्ही पाय ढिले पडणे. यांतले एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्ससारख्या मोठ्या इस्पितळाचा अपघात विभाग गाठा. मज्जारज्जू संपल्यावर खाली उतरणारा नसांचा झुपका तिथे दबलेला असतो. एक-दोन दिवसांत मोकळा झाला नाही तर लघवीचा त्रास जन्मभर राहू शकतो.

हे काही नसेल, तर थांबा म्हणणारे बरोबर आहेत. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. मोठा तुकडा उलट जास्त आकसतो, हे रुग्णांना खरे वाटत नाही. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत पुरेसे बरे वाटते. नेदरलँड्समधल्या चाचणीत लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे बारा आठवड्यांनीही झोप लागत नसेल, काम बंद असेल तर ऑपरेशन रास्त आहे. तिसऱ्या आठवड्यात घाई नाही.

कळ पोटरीतून वर सरकून कंबरेत आली, तर कंबर जास्त दुखली तरी ती सुधारणा समजा. खाली सरकू लागली तर जे करत होतात ते थांबवा. बॅग पाठीवर नको, गाडीच्या मागच्या पेटीत. ब्रेकरवर सीटवरून किंचित उठा, धक्का गुडघ्यांनी झेला. टायरमध्ये हवा कंपनीने सांगितली तेवढीच, जास्त भरली की सगळे धक्के कंबरेत. प्रत्येक डिलिव्हरीला उतरताच ना, तर तिथेच दोन मिनिटे सरळ उभे राहून कंबरेवर हात ठेवून हळूच मागे झुका. पायात कळ उतरत नसेल तरच.

प्रश्न : दप्तराच्या ओझ्याने मुलीचा (वय १२) मणका वाकडा होईल का?
— पालक, धरमपेठ

उत्तर : दप्तराने कण्याला बाक येत नाही. खांदे आणि पाठ मात्र दुखते, म्हणून वजन मुलीच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही हाच आकडा आहे. ३५ किलोच्या मुलीला साडेतीन किलो, पाण्याच्या बाटलीसकट. बाक या वयात वेगळ्याच कारणाने येतो आणि मुलींमध्ये तो जास्त वाढतो, म्हणून वर्षातून दोनदा तपासा. गुडघे ताठ, तळवे जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. बरगड्यांची एक बाजू उंच दिसली तर एक्स-रे काढून कोन मोजावा लागतो. १० अंशांच्या आत असेल तर तो बाक धरत नाहीत. वाढीच्या वयात २५ ते ४० ला पट्टा. ४५-५० च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार.

प्रश्न : मुलाची (वय २४) पाठ तीन महिन्यांपासून दुखते. रात्री जास्त. मालिश केली, मणके बसवणाऱ्याकडे नेले, उपयोग नाही. वजनही उतरलेय.
— वडील, कामठी

उत्तर : मालिश आणि मणके बसवणे आजच बंद करा. वजन उतरतेय, रात्री दुखते आणि वय कमी आहे. यात मणक्याचा क्षय आहे का, ते आधी पाहायला हवे. संध्याकाळी कणकण येते का, भूक मेली का, कण्यावर बोटाने ठोकले तर एकाच जागी कळ येते का, ते बघा. साध्या एक्स-रेवर विसंबू नका. हाड बरेच झिजल्याशिवाय त्यात दिसत नाही. ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि संपूर्ण कण्याचा एमआरआय. शंका वाटली तर सुईने नमुना घेऊन सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंची जनुकीय तपासणी) आणि कल्चर. क्षयाने पोखरलेल्या मणक्याला झटका दिला तर तो कोसळून पाय जाऊ शकतात.

निदान झाले तर घाबरू नका. औषधे सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात, पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये खात्यात येतात. मणक्याच्या क्षयाला किमान बारा महिने उपचार लागतात. दोन महिन्यांत दुखणे थांबते आणि तिथेच लोक गोळ्या सोडतात.

याउलट, पहाटे दुखून जाग येते, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त पाठ ताठ असते, चालल्यावर मोकळी होते आणि पडून राहिले की पुन्हा धरते, असे असेल तर ते ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस (कणा ताठ करणारा संधिवात) असू शकते. त्यासाठी संधिवाततज्ज्ञ आणि त्रिकास्थीच्या सांध्यांचा एमआरआय. एचएलए-बी२७ ची (या आजाराशी जोडलेल्या जनुकाची) तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असे नाही, निरोगी माणसांतही ती येते.

प्रश्न : रोज पहाटे उठल्या उठल्या बारा सूर्यनमस्कार घालतो. मधूनमधून कंबर धरते. बंद करू का? नसांसाठी कोणते व्यायाम चांगले?
— निवृत्त बँक कर्मचारी, वय ६१, त्रिमूर्तीनगर

उत्तर : बंद करू नका, वेळ बदला. रात्रभर आडवे असताना मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस एक-दोन सेंटिमीटर उंच असतो ते त्यामुळेच. फुगलेल्या गादीवर पुढे वाकण्याचा ताण कितीतरी जास्त येतो. उठल्यावर तासभर चालणे-फिरणे होऊ द्या, मग नमस्कार घाला. हस्तपादासनात गुडघे थोडे वाकवा, तळवे जमिनीला टेकलेच पाहिजेत हा हट्ट सोडा. हाडांची घनता कमी निघाली असेल तर पुढे वाकण्याचे आसन गाळाच.

नसांना वेगळा व्यायाम नसतो. त्यांना रक्तपुरवठा लागतो आणि तो चालण्याने मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या २०२४ च्या चाचणीत, टप्प्याटप्प्याने वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्याचे लक्ष्य ठेवलेल्यांची कंबर पुन्हा धरायला सरासरी २०८ दिवस लागले, इतरांची ११२ दिवसांत धरली. अंबाझरीला किंवा फुटाळ्याला जा, उन्हाळ्यात सातच्या आत परत या.

सोबत हे तीन व्यायाम करा. पहिला : उताणे पडून एक गुडघा वाकवा, दुसरा पाय सरळ. दोन्ही तळवे कंबरेच्या पोकळीखाली. डोके आणि खांदे जमिनीवरून जेमतेम उचला, हनुवटी छातीला लावू नका. कंबर तळव्यांवर दाबली गेली तर चुकतेय. दुसरा : कुशीवर, कोपर खांद्याच्या बरोबर खाली, गुडघे वाकवून कंबर उचला, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ. तिसरा : रांगत्या स्थितीत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, नंतर उलट. पाय पाठीच्या उंचीपेक्षा वर गेला की कंबरेत खड्डा पडतो आणि दुखते. कंबरेवर अर्धी भरलेली पाण्याची वाटी ठेवून करा, सांडली की कळेल.

प्रत्येक वेळी दहा सेकंद धरा, श्वास रोखू नका. एका बाजूला सहा वेळा, थोडी विश्रांती, मग चार, मग दोन. सेकंद वाढवू नका. महिन्याभराने वेळा वाढवा, आठ-सहा-चार. करताना कळ पायात उतरली तर त्या दिवशी तो एक व्यायाम सोडा, बाकीचे दोन चालू ठेवा. सलग तीन दिवस तसेच झाले तर फिजिओथेरपिस्टला समोर करून दाखवा.